पाळण्याची दोरी आणि पोलिसांचा दाखला

ज्या घरांत आजी, आत्या, काकू आणि थोरल्या जावा यांचा अजून राबता आहे, त्या घरांत तान्हें मूल कोणाकडे द्यावें हा प्रश्न उद्भवत नाहीं. मूल एकीच्या मांडीवरून दुसरीच्या कडेवर जातें आणि दिवेलागणीला आपोआप आईपाशीं येतें. परंतु त्याच घरांतील लेक लग्न होऊन पुण्यामुंबईस किंवा सातासमुद्रांपलीकडे गेली, आणि नवराबायको दोघेंही कचेरींत जाऊं लागलीं, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचें मूल रोज सकाळीं एका परक्या बाईच्या स्वाधीन करणें प्राप्त होतें. ही बाई कोण, कोणाची, हिची वागणूक कशी, ही चौकशी पूर्वीं गांव करीत असे. आतां ती एक कागद करतो. त्या कागदाला आपल्याकडे चारित्र्य पडताळणीचा दाखला म्हणतात.

दाखला मागणाऱ्या आईची बाजू सर्वांस सहज कळते. आम्हांस येथें दुसऱ्या बाजूविषयीं लिहावयाचें आहे. जिला मुलांत राहून पोट भरावयाचें आहे, त्या कामाचें रीतसर शिक्षण घ्यावयाचें आहे, परंतु जिच्या नांवावर पंधरा-वीस वर्षांपूर्वींची एखादी क्षुल्लक चोरी लिहिलेली आहे, तिनें काय करावें? आणि तिला दारांतूनच परत लावल्यानें मुलांचें रक्षण होतें काय? इंग्लंडांत या प्रश्नाचा पुष्कळ कीस पाडला गेला आहे. तेथें त्यावर कायदे झाले, खटले झाले, आणि त्या खटल्यांपायीं कायदे पुन्हां बदलले. म्हणून आधीं तिकडेच जाऊं.

१९७४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्याचा आशय असा कीं, लहानसहान गुन्ह्याची शिक्षा भोगून झाली आणि ठराविक मुदतींत पुन्हां आगळीक घडली नाहीं, म्हणजे ती शिक्षा सरली असें समजावें. पुढें नोकरीच्या वेळीं कोणी विचारलें तरी तिचा उच्चार करण्याचें बंधन नसावें. प्रौढ माणसाची दंडाची शिक्षा हल्लीं तेथें एका वर्षांत सरते. परंतु पुढच्याच वर्षीं, १९७५ सालीं, या कायद्याला अपवादांचा एक हुकूम जोडला गेला, आणि मुलांशीं संबंध येणारीं कामें त्या अपवादांत गेलीं. इतर ठिकाणीं जें विसरावयाचें तें येथें विसरावयाचें नाहीं, असा त्याचा अर्थ.

पुढें १९९७ च्या पोलीस कायद्याच्या आधारें २००२ च्या मार्चमध्यें गुन्ह्यांच्या नोंदी दाखल्यावर उतरवून देणारें एक स्वतंत्र खातें सुरू झालें. त्याच वर्षीं ऑगस्टांत केंब्रिजशायरमधील सोहम या गांवीं एका विद्यालयाच्या इमारतीच्या रखवालदारानें दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून केला. सगळा देश हादरला. चौकशींत निघालें तें असें कीं, हा मनुष्य पूर्वीं जेथें राहत होता तेथील पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध मुलींच्या आणि स्त्रियांच्या छळाच्या तक्रारी अनेकवार गेल्या होत्या; परंतु नव्या गांवच्या शाळेपर्यंत त्यांतील एक अक्षरही पोहोंचलें नाहीं. सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशीचा अहवाल २००४ च्या जूनमध्यें आला. त्यावरून २००६ सालीं नवा कायदा झाला, आणि २०१२ च्या डिसेंबरांत हल्लींचें 'डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस' हें खातें अस्तित्वांत आलें.

या खात्याचीं दोन कामें आहेत आणि त्यांची गल्लत होऊं देतां कामा नये. पहिलें काम मनाईच्या यादीचें. ज्यांच्या हातून मुलांना इजा पोहोंचली किंवा पोहोंचण्याचा धोका आहे, अशांचीं नांवें या यादींत जातात. त्यांना मुलांत काम करणें हाच गुन्हा ठरतो. दुसरें काम दाखल्याचें. त्यांत मनाई कांहींच नसते. अमुक सालीं अमुक घडलें, एवढेंच तो कागद सांगतो; पुढचा विचार मालकानें करावयाचा. आमच्या मतें सगळी अडचण या दुसऱ्या कामांत आहे, कारण विचार करण्यापेक्षां 'नको' म्हणणें फार सोपें असतें.

बालसंगोपनाची पदविका घेऊं इच्छिणाऱ्या मुलीला तेथें वर्गांतील अभ्यासाइतकीच प्रत्यक्ष पाळणाघरांतील उमेदवारी करावी लागते. उमेदवारी म्हटली म्हणजे मुलांत वावरणें आलें, आणि मुलांत वावरणें आलें कीं वरच्या प्रतीचा दाखला आलाच. त्यामुळें नोकरीचें दार तर दूरच, शिक्षणाच्या उंबरठ्यावरच ही गांठ पडते. शिवाय २०१३ च्या जूनपासून हा दाखला मालकाकडे परस्पर जात नाहीं. तो अर्जदाराच्या हातीं येतो, आणि तिनेंच तो नेऊन दाखवावयाचा असतो. अर्जदाराला आपल्याविषयीं काय लिहिलें आहे तें आधीं कळावें, चूक असेल तर दुरुस्त करून घेतां यावी, हा त्यांतला हेतु चांगलाच आहे. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीनें तो लखोटा फोडल्यावर तिच्या मनाची काय अवस्था होत असेल! कित्येक जणी तो कोणाला न दाखवितांच अर्ज मागें घेत असतील तर आम्हांस नवल वाटणार नाहीं. आणि ज्या भीतीनें अर्जच करीत नाहींत त्यांची गणती कोण करणार?

कोर्टापर्यंत गेलेलीं तीन प्रकरणें आम्ही येथें सांगतों. नांवें कोर्टानेंच झांकलीं आहेत.

पहिला मुलगा अकरा वर्षांचा. २००२ सालीं मँचेस्टरकडे सायकली चोरल्याच्या प्रकरणीं पोलिसांनीं त्याला दोन इशारे दिले. कोर्ट नाहीं, शिक्षा नाहीं. २००८ सालीं त्यानें एका फुटबॉल क्लबांत अर्धवेळ कामासाठीं अर्ज केला. २०१० सालीं खेळांविषयींच्या एका अभ्यासक्रमाला नांव घातलें. दोन्ही ठिकाणीं मुलांशीं संबंध येण्याचा संभव, म्हणून दोन्ही वेळां दाखला, आणि दोन्ही वेळां त्या दाखल्यावर त्या सायकली.

दुसरी एक बाई. २००१ सालीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, तिनें दुकानांतून नकली नखांचें एक पाकीट उचललें आणि पोलिसांनीं तिला ताकीद देऊन सोडलें. २००९ सालीं तिनें आजारी व दुबळ्या माणसांच्या सांभाळाचें शिक्षण पुरें केलें. हें क्षेत्र मुलांचें नसलें तरी दाखल्याचा नियम तोच. दाखल्यावर नखें निघालीं, आणि शिक्षण देणाऱ्या संस्थेनेंच तिला सांगितलें कीं, तुमचें नांव आम्हांला नोकरीसाठीं पुढें करतां येत नाहीं. शिकवून झाल्यावर! आम्हीं जन्मभर शिक्षकी केली. शिष्याला सगळी विद्या सांगून शेवटच्या दिवशीं 'आतां तुझा उपयोग नाहीं' असें म्हणणारा गुरु आमच्या पाहण्यांत नाहीं.

या दोघांचीं प्रकरणें वरच्या कोर्टांत गेलीं. २०१३ च्या जानेवारींत अपील कोर्टानें आणि १८ जून २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, गुन्हा लहान कीं मोठा, त्या वेळीं वय काय, किती वर्षें लोटलीं, हें कांहींएक न पाहतां सगळेंच जगापुढें मांडणें हा माणसाच्या खाजगी आयुष्यावर अन्याय आहे. पहिल्या निकालानंतर सरकारनें २०१३ च्या मे महिन्यांत दाखल्याला एक गाळणी बसविली. किरकोळ गुन्ह्याची प्रौढपणची ताकीद सहा वर्षांनीं आणि तुरुंगवासाखेरीजची शिक्षा अकरा वर्षांनीं दाखल्यावरून गळावी. गुन्ह्याच्या वेळीं वय अठराच्या आंत असेल तर मुदत याहून कमी.

परंतु गाळणीला एक भोंक राहिलें, आणि तिसरी बाई त्यांतच सांपडली. १९९९ सालीं ती बेघर होती. मनाचा एक मोठा रोग तिला जडला होता आणि तो अद्याप ओळखला गेला नव्हता. त्या अवस्थेंत तिनें दुकानांतून एक सँडविच उचललें, म्हणून ताकीद मिळाली. नंतर ९९ पेन्सांचें, म्हणजे एका पौंडाला एक पेनी कमी एवढ्या किंमतीचें, पुस्तक चोरल्याबद्दल आणि जामिनावर असतां कोर्टांत हजर न राहिल्याबद्दल ती दोषी ठरली. पुढें औषधोपचारानें ती बरी झाली; पुन्हां कसला गुन्हा केला नाहीं; शाळेंत शिक्षकाची मदतनीस होण्याची पात्रताही मिळविली. पण नियम असा होता कीं, एकाहून अधिक शिक्षा असतील तर गाळणी लागूच नाहीं; सगळ्या नोंदी जन्मभर दिसणार. आणि त्यांचा खुलासा करावयाचा म्हणजे आपल्या रोगाची हकीकत परक्या माणसापुढें उघडी करणें भाग. नोकरी कांहीं मिळेना. ३० जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा 'एकाहून अधिक' वाला नियम अन्यायाचा ठरविला, आणि मुलांना दिलेले पोलिसांचे इशारे दाखल्यावर आपोआप उतरविणेंही गैर म्हटलें. २८ नोव्हेंबर २०२० पासून दोन्ही नियम गेले. त्या बाईच्या नोंदींसारख्या नोंदी आतां दाखल्यावर आपोआप येत नाहींत. पण सँडविच १९९९ चें आणि नियम २०२० चा. मधल्या एकवीस वर्षांचा हिशेब कोणाकडे मागावयाचा?

त्याच निकालांत आणखी एक प्रकरण होतें, आणि तें आम्हांस अजून टोंचतें. १९८२ सालीं सोळा वर्षांच्या एका मुलानें शाळेंतून घरीं जातांना मारामारी केली व तो दोषी ठरला. शिक्षा म्हणाल तर पुन्हां असें न करण्याच्या अटीवर सोडून दिलें. सत्तेचाळिसाव्या वर्षीं त्याला इंग्रजी भाषा शिकविण्याचें काम करावेंसें वाटलें. परंतु दुसऱ्याला शारीरिक इजा करणें हा गुन्हा ज्या यादींत आहे, त्या यादींतील शिक्षा कधींच गळत नाहींत, आणि कोर्टानें तो नियम उचलून धरला. न्यायाधीशांचें म्हणणें असें कीं, कोठें तरी रेघ ओढणें भाग आहे, आणि रेघ ओढली कीं कोणी तरी तिच्या पलीकडे राहणारच. तर्क बरोबर आहे. तथापि शाळा सुटल्यानंतरच्या मारामाऱ्या तीस वर्षें पाहिलेल्या आमच्यासारख्या माणसाला तो पचविणें जड जातें.

येथें आम्हांस आपल्या धर्मशास्त्राची आठवण होते, आणि ती सांगितल्याखेरीज राहवत नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत प्रायश्चित्ताचा विचार आहे त्यांत असा भेद केला आहे कीं, अजाणतां घडलेलें पाप प्रायश्चित्तानें जातें. जाणूनबुजून केलेलें पाप कदाचित् जाणार नाहीं, पण प्रायश्चित्त घेतलेला मनुष्य 'व्यवहार्य' होतो. म्हणजे त्याच्याशीं देणेंघेणें, उठणेंबसणें, कामकाज करण्यास लोकांस मोकळीक असते. पापाचा हिशेब वर कोठें व्हावयाचा तो होईल. समाजानें त्याचा पाठलाग किती दिवस करावा याला मर्यादा आहे. पण हेंच शास्त्र दुसऱ्या अंगानें किती कठोर आहे तेंही पाहावें. बालकाचा घात करणारा, शरण आलेल्याला मारणारा, स्त्रीला मारणारा आणि कृतघ्न, यांनीं यथाशास्त्र प्रायश्चित्त घेतलें तरी त्यांच्याशीं सहवास ठेवूं नये, असें मनूनें आणि याज्ञवल्क्यानें दोघांनींही सांगितलें आहे. मनाईची यादी वेगळी आणि व्यवहार्यता वेगळी, हा विवेक त्यांना साधला होता. पुस्तक चोरणारी बाई आणि बालकाचा घात करणारा पुरुष यांना एकाच पंक्तीला बसविण्याची चूक त्यांनीं केली नाहीं.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमचें नातवंड त्या पाळणाघरांत असतें तर? प्रश्न रास्त आहे, आणि आमचें उत्तर असें कीं, कोऱ्या दाखल्यावर आम्ही आधीं विसंबलों नसतों. सोहमच्या त्या रखवालदाराच्या प्रकरणांतील पूर्वींच्या तक्रारींपैकीं एकींतही त्याला शिक्षा झालेली नव्हती. नुसत्या शिक्षांचा तक्ता मागविला असता तर त्यांत त्या दिसल्या नसत्या. २००९ सालीं प्लिमथ येथील एका पाळणाघराची सेविका लहान मुलांवर अनाचार करीत असल्याचें उघडकीस आलें. तिचा दाखला स्वच्छ होता. पुढें झालेल्या चौकशींत पाळणाघराच्या कारभारावरच ठपका आला. मुलें सुरक्षित राहतात तीं दार उघडें ठेवल्यानें, दोन माणसांची नजर असल्यानें, आणि धाकट्या सेविकेला थोरलीविरुद्ध बोलण्याची सोय असल्यानें. कागद हा त्यांतला एक लहानसा भाग.

उलट, हकनाक परत लावलेल्या बाईची उणीव मुलांनाच भोंवते. इंग्लंडांत दोन वर्षांच्या आंतील दर तीन मुलांमागें एक मोठें माणूस असावें लागतें. २०२५ च्या सप्टेंबरपासून तेथें नोकरी करणाऱ्या पात्र आईबापांच्या मुलांना नवव्या महिन्यापासून आठवड्याला तीस तास सरकारी खर्चानें सांभाळण्याची योजना पूर्णपणें लागू झाली. इतकीं माणसें आणावयाचीं कोठून?

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांना या इंग्रजी कायद्यांतील एक कलम विशेष वाटेल. तेथें स्वतःच्या घरीं दुसऱ्यांचीं मुलें सांभाळणाऱ्या बाया असतात. अशा बाईच्या घरांत राहणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येक माणसाची पडताळणी होते. सासरा, दीर, भाचा, कोणी सुटत नाहीं. त्यांतल्या एखाद्यावर मुलांविरुद्धचा किंवा हिंसेचा गंभीर गुन्हा शाबीत झालेला असेल तर बाईलाही तें काम बंद. खास परवानगी मिळाली तरच चालू. मुलें त्याच घरांत वावरतात, तेव्हां हें ठीकच आहे. पण मध्यंतरीं कांहीं वर्षें हा नियम शाळा आणि पाळणाघरें यांतील नोकरांनाही लावला जात होता. घरीं कोण राहतो यावरून बाहेरची नोकरी जाण्याची पाळी आली. ३१ ऑगस्ट २०१८ पासून तो घरगुती सांभाळापुरताच ठेवला आहे. दिराच्या पापासाठीं भावजयीची भाकर हिरावणें इंग्रजांनाही शेवटीं पटलें नाहीं. तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलींना एवढेंच सांगावयाचें कीं, भारतांतील नोंदी तिकडच्या दाखल्यावर येत नाहींत. म्हणून येथील पासपोर्ट कचेरीमार्फत मिळणारें पोलिसांचें प्रमाणपत्र त्यांच्याकडे मागितलें जातें, तें जवळ असलेलें बरें.

आतां आपल्याकडे. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याखालील २०२० च्या नियमांनीं शाळा, पाळणाघरें, क्रीडासंस्था यांना प्रत्येक नोकराची पोलिसांकडून पडताळणी करणें, आणि तीही वेळोवेळीं करणें, बंधनकारक केलें. २०२४ च्या ऑगस्टांत बदलापूरच्या शाळेंतील चिमुरड्या मुलींचें प्रकरण उघडकीस आल्यावर राज्य सरकारनें शाळांना ती कडकपणें बजावली. तें योग्यच झालें. मात्र पडताळणींत कांहीं निघालें तर काय करावें, कोणती नोंद आड यावी आणि कोणती येऊं नये, याची पायरी त्या नियमांत घालून दिलेली नाहीं. इंग्लंडासारखी गाळणी येथें नाहीं. आधार अगदींच नाहींत असें नव्हे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून घडलेला गुन्हा पुढें त्याच्या आड येऊं नये आणि त्याची नोंद नष्ट व्हावी, असें आहे. सोळा वर्षांवरील मुलानें घोर गुन्हा करून प्रौढाप्रमाणें खटला ओढवून घेतला, एवढा अपवाद. २०१६ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही म्हटलें कीं, लहान वयांतल्या घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक प्रकरणांकडे नोकरी देणाराला काणाडोळा करतां येतो. पण हीं वचनें पाळणाघर चालविणाऱ्या बाईपर्यंत पोहोंचतात कोठें? तिच्या हातीं येतो तो पोलिसांचा एक कागद.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. आम्हीं इतक्या वर्षांत हजारों दाखल्यांवर सह्या केल्या. त्या रकान्यांत 'चांगली' याखेरीज शब्द लिहिलेला आम्हांस आठवत नाहीं. खडूची पेटी पळविणाऱ्याची चांगली, आणि न पळविणाऱ्याचीही चांगली. त्या शब्दाला अर्थ नव्हता असें नवे लोक म्हणतात. होता. चौदा वर्षांच्या मुलाविषयीं शेवटचा शब्द लिहिण्याचा अधिकार आपला नाहीं, एवढा अर्थ त्यांत होता. पाळणाघराच्या बाबतींत इतकी उदारता चालणार नाहीं हें आम्हांस मान्य आहे. तेथें विचारावेंच लागेल. पण विचारावयाचें म्हणजे माणसाला विचारावयाचें.

आमच्या ओळखीच्या एक बाई उपनगरांत पाळणाघर चालवितात. गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्यांच्याकडे मदतनिसाच्या कामासाठीं एक विधवा आली. पोलिसांच्या दाखल्यावर बारा वर्षांपूर्वींची एक नोंद निघाली: मारहाण, दंड. बाई दाखला घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, आतां हिला नको म्हणूं ना?" आम्ही म्हणालों, "आधीं तिला बसवून चहा द्या, आणि काय झालें होतें तें तिच्याच तोंडून ऐका. मग ज्या घरीं ती दहा वर्षें कामाला होती त्या घरीं स्वतः जाऊन या." बाईंनीं तसें केलें. चाळींतल्या नळावरचें भांडण; शेजारणीच्या डोक्याला बादली लागली होती. त्या घरच्या आजीबाईंनीं सांगितलें कीं, दोन्ही नातवंडें हिच्याच हाताखालीं वाढलीं, आणि हिला सोडण्याचें कारण एवढेंच कीं तीं आतां मोठीं झालीं. पहिले तीन महिने तिला एकटीला मुलांपाशीं ठेवावयाचें नाहीं, असें ठरवून बाईंनीं तिला दिवाळीनंतर कामावर घेतलें. दाखला फायलींत आहे, आणि त्याला टांचून बाईंच्या हस्ताक्षरांतील एक टिपण आहे. त्यांत काय विचारलें, काय कळलें आणि कोणी सांगितलें, तें तारीखवार लिहिलें आहे.